तवा, ओव्हन आणि रविवारची न्याहारी

रविवारच्या सकाळी बेकन कशात करावे यावरून अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत सरळ दोन तट पडलेले आहेत. एक तट बिडाच्या तव्याचा. आजीकडून आलेला, वर्षानुवर्षे तेल पिऊन काळा गुळगुळीत झालेला तो जड तवा शेगडीवर चढला नाही, तर न्याहारी झाली असे या मंडळींना वाटतच नाही. दुसरा तट ओव्हनचा. उभ्या काठाच्या मोठ्या ट्रेमध्ये पट्ट्या शेजारी शेजारी मांडायच्या, ट्रे ४०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २०४ अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये सारायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढायचा. अलीकडे या दुसऱ्या तटाचा आवाज चढला आहे. बेकन खरे कुरकुरीत होते ते ओव्हनमध्येच, तव्याचा हट्ट ही निव्वळ जुनी खोड, इथपर्यंत बोलणे गेले आहे. तवेवालेही गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. ज्या पदार्थाकडे करणाऱ्याने ढुंकूनही पाहिले नाही त्याला स्वयंपाक कसे म्हणायचे, असा त्यांचा सवाल असतो.

वाद न्याहारीचा असला तरी त्यात चवीइतकाच श्रमाचा, विजेचा आणि प्रकृतीचाही हिशेब आहे. म्हणून दोघांचेही म्हणणे नीट ऐकून घ्यायला हवे. आमचा कल ओव्हनकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. मात्र ओव्हनच्या बाजूने जी कारणे हिरिरीने सांगितली जातात त्यांतली निम्मी आम्हाला पटत नाहीत.

आधी माल पाहू. अमेरिकेत बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचे मांस. मीठ, साखर आणि थोडे सोडियम नायट्राइट यांत मुरवलेले, धूर दिलेले आणि मग पातळ कापलेले. पट्टीत चरबी आणि मांस यांचे आलटून पालटून थर असतात, आणि सगळी अडचण तिथेच आहे. मांसात पाणी पुष्कळ. ते उडू लागले की मांस झपाट्याने आक्रसते. चरबीला वितळून बाहेर यायला त्याहून जास्त वेळ लागतो. एकाच पट्टीतले थर असे मागेपुढे आखडले की पट्टी वळते, तिच्या कमानी होतात. तव्यावर कमानीचा जो भाग लोखंडाला टेकलेला असतो तो करपतो आणि जो उचललेला असतो तो पांढरट, चिवट राहतो. अर्धवट करपलेले, अर्धवट रबरासारखे बेकन ज्यांच्या ताटात पडले असेल त्यांना या वाक्याचे स्पष्टीकरण नको.

तव्याच्या जाणकारांना हे ठाऊक असते, आणि त्यांच्याकडे उतारेही आहेत. ते तवा तापवून त्यावर पट्ट्या टाकत नाहीत. थंड तव्यावर मांडतात, मग मंद आच लावतात, म्हणजे मांस आक्रसण्याआधी चरबी सुटायला लागते. काहीजण वर लोखंडाचे वजन ठेवून पट्टी सपाट दाबून धरतात. काहीजण तव्यात थोडे पाणीच घालतात. पाणी आहे तोवर तवा शंभर अंशांच्या फार वर जात नाही, चरबी सावकाश सुटते, आणि पाणी उडाले की उरलेल्या चरबीत पट्टी तळली जाते. ही शेवटची युक्ती गोव्यातल्या वाचकाला नवी वाटू नये. शोरीस शिजवताना तिथेही आधी थोडे पाणी घालतात, सॉसेजमधली चरबी सुटू देतात, आणि मग त्याच तांबड्या तुपकट रसात कांदा परततात. वसईच्या ख्रिस्ती घरांत सोरपोतेलसाठी आधी उकडलेले मांस बारीक कापून त्याच्याच चरबीत परततात. चरबीला घाई चालत नाही, हे या सगळ्या स्वयंपाकघरांना अमेरिकेतल्या पाककृतींच्या पुस्तकांशिवायच कळलेले आहे.

म्हणजे तव्यावर उत्तम बेकन होत नाही हा आरोप खोटा आहे. होते. फक्त त्यासाठी माणूस तव्याशी बांधलेला हवा. बारा इंची तव्यात एका वेळी पाच-सहा पट्ट्यांहून जास्त नीट बसत नाहीत. एक पौंडाच्या, म्हणजे ४५४ ग्रॅमच्या पाकिटात साध्या जाडीच्या सोळा ते वीस पट्ट्या निघतात. तीन घाणे, प्रत्येकाला आठ-दहा मिनिटे, मध्ये जास्तीची चरबी काढून टाकणे, चिमट्याने उलथणे, मनगटावर उडणारे शिंतोडे. अर्धा तास गेला.

आता ओव्हन. त्याची खुबी अशी की उष्णता एका बाजूने येत नाही. वरून आणि बाजूंनी तापलेली हवा, खालून तापलेला ट्रे. पट्टीची कमान झाली तरी उचललेल्या भागालाही हवा लागतेच. शिवाय ओव्हनला वरची मर्यादा आहे. शेगडीवरचा बिडाचा तवा आच विसरली तर भलताच तापतो, ओव्हन मात्र लावलेल्या अंशांच्या आसपासच घुटमळतो. ट्रेभर सुटलेल्या चरबीत पट्ट्या अर्ध्या भाजल्या आणि अर्ध्या तळल्या जातात. उलथावे लागत नाही. शिंतोडे उडतात ते दाराच्या आत.

तपशिलात मात्र ओव्हनवाल्यांचे आपसातही पटत नाही, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण कुरकुरीतपणाचा खरा निकाल या तपशिलांत लागतो.

पहिला प्रश्न थंड ओव्हनचा. ट्रे आधी आत ठेवून मग ओव्हन लावला तर उष्णता हळूहळू चढते, चरबीला वेळ मिळतो आणि पट्ट्या बऱ्यापैकी सपाट राहतात. तत्त्वाने हे थंड तव्यासारखेच आहे आणि बरोबर आहे. पण व्यवहारात प्रत्येक ओव्हन आपापल्या चालीने तापतो. कुणाचा आठ मिनिटांत तापतो, कुणाचा अठरा. त्यामुळे थंड ओव्हनच्या पाककृतीत छापलेली वेळ दुसऱ्याच्या घरात लागू पडत नाही. तापलेल्या ओव्हनमध्ये पट्ट्या किंचित जास्त आक्रसतात, पण वेळेचा अंदाज बांधता येतो. स्वतःचा ओव्हन ओळखीचा असेल त्याने थंड सुरुवात करावी. परक्या घरात तापवून घेतलेला बरा.

दुसरा प्रश्न जाळीचा. ट्रेवर तारेची जाळी ठेवून तिच्यावर पट्ट्या मांडल्या की चरबी खाली ठिबकते. या पट्ट्या दिसायला देखण्या, सपाट, एकसारख्या होतात, पण आमच्या मते जरा कोरड्या. स्वतःच्या चरबीत तळल्या गेलेल्या पट्टीच्या कडेला जो खमंगपणा येतो तो जाळीवरच्या पट्टीला येत नाही. शिवाय ती जाळी घासणे. तारांच्या प्रत्येक सांध्यात वाळलेली चरबी आणि साखर खरवडून काढण्याचे काम ज्याच्या वाट्याला येते त्याचे मत या वादात सहसा कुणी विचारत नाही. जाळी नसावी, ट्रेवर बटर पेपर किंवा फॉइल असावी, एवढ्यावर आम्ही थांबतो.

तिसरा प्रश्न केव्हा काढायचे, आणि सगळ्यांत जास्त बेकन वाया जाते ते इथेच. ओव्हनमधून काढल्या क्षणी पट्टी कुरकुरीत नसते, लवचीक असते. कागदावर काढून एक-दोन मिनिटे निवली की ती ताठ होते. ज्याला हे माहीत नसते तो आतच कडक होण्याची वाट बघतो, आणि मग ती तपकिरीवरून काळ्यावर जाते. शेवटची दोन-तीन मिनिटे उलटायला वेळ लागत नाही. मेपलची साखर लावलेल्या बेकनचे तर विचारूच नका. ते आधीच करपायला टेकलेले असते, त्याला आच थोडी कमी, १९० अंशांच्या आसपास, ठेवावी लागते. पंखा असलेल्या ओव्हनलाही तेच. तेव्हा ‘ट्रे सारा आणि विसरा’ हा जो ओव्हनचा डंका पिटला जातो तो अर्धाच खरा आहे. पहिली दहा मिनिटे विसरता येते. नंतर दाराच्या काचेतून बघत राहावे लागते.

ही पद्धत मुळात घरातली नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. हॉटेलांत आणि मोठ्या खानावळींत शेकडो पानांची न्याहारी निघते, तिथे तव्यावर उभे राहणे परवडत नाही. तिथे २६ बाय १८ इंचांचे ट्रे ओव्हनमध्ये जातात. त्यांच्यासाठी कागदावर आधीच ओळीने मांडलेले बेकन विकतही मिळते, कागदासकट उचलायचे आणि ट्रेवर ठेवायचे. घरात जो अर्ध्या मापाचा, १८ बाय १३ इंचांचा ट्रे आला तो याच धंद्यातून आला. म्हणून तवेवाल्यांचा ‘हे घरगुती नव्हे’ हा आक्षेप इतिहास म्हणून खरा आहे. पण घरातल्या कितीतरी चांगल्या गोष्टी खानावळीतूनच आलेल्या असतात. त्याला आक्षेप म्हणून फारसे वजन नाही.

आमच्या दृष्टीने ओव्हनचा सगळ्यांत मोठा गुण चवीत नाहीच. तो आहे करणाऱ्याच्या खुर्चीत. आपल्याकडे पंगतीत गरम पोळी पानात पडत राहते आणि पोळ्या करणारी मात्र सगळ्यांची जेवणे उरकल्यावर निवलेली पोळी घेऊन बसते. तव्यावरच्या बेकनचे अगदी तसेच आहे. पहिला घाणा खाणाऱ्यांच्या पोटात गेलेला असतो, दुसरा ताटात असतो, आणि करणारी किंवा करणारा चिमटा हातात घेऊन तिसऱ्यापाशी. ओव्हनमधून सोळा पट्ट्या एकदम बाहेर येतात. अंडी, टोस्ट, कॉफी, बेकन एका वेळी टेबलावर येते आणि सगळी माणसे एका वेळी बसतात. कुरकुरीतपणात तवा आणि ओव्हन यांत उन्नीस-बीस असेलही. या एका गोष्टीत तवा ओव्हनच्या जवळपासही येत नाही.

तव्याची बाजू कुठे भक्कम आहे, तेही तितक्याच मोकळेपणाने मानले पाहिजे. तव्यावर बेकन झाले की न्याहारीची पुढची तयारी आपोआप झालेली असते. त्याच चरबीत अंडी फुटतात, बटाटे परततात. तळाला जी खरपूस खरवड धरते तिच्यावर पीठ भुरभुरून, दूध घालून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पांढरी ग्रेव्ही करतात आणि ती बिस्किटांवर ओततात. अमेरिकेतले बिस्किट म्हणजे मऊ, पदर सुटणारा छोटा पाव. मक्याच्या पावासाठी तवा तापवतात तो बेकनच्या चरबीतच. ओव्हनच्या ट्रेतून चरबी मिळते, पण ती खरवड मिळत नाही. ज्या घरात न्याहारी म्हणजे एका तव्यातून निघणारी साखळी आहे, तिथे फक्त बेकन ओव्हनमध्ये ढकलून हाती काय लागणार?

आणि माणसे दोनच असतील तर? चार पट्ट्यांसाठी अमेरिकी घरातला भलाथोरला विजेचा ओव्हन तापवायचा, दहा-पंधरा मिनिटे नुसता रिकामा तापवायचा, आणि मग आणखी वीस मिनिटे. ओव्हनची कॉइल दोन-तीन किलोवॅट ओढते. टेक्सासच्या जुलैत हीच उष्णता स्वयंपाकघरात पसरते आणि ती बाहेर काढायला वातानुकूलन यंत्र पुन्हा वीज खाते. तव्यावर ही न्याहारी दहा मिनिटांत उरकते. दोघांसाठी तवा, चारांच्या वर ओव्हन, ही विभागणी इतकी उघड आहे की तिच्यावर वाद व्हावा याचेच आश्चर्य.

ओव्हनमुळे आवराआवर कमी होते हा दावाही तपासून घ्यायला हवा. शेगडी स्वच्छ राहते हे खरे. पण तडतडणारी चरबी ओव्हनच्या भिंतींवर बसते, आणि पुढच्या खेपेला केक भाजायला ओव्हन लावला की धूर होतो आणि केकला बेकनचा वास लागतो. स्वतःला स्वच्छ करणारे ओव्हन पाचशे अंश सेल्सियसच्या जवळ तापून ही घाण जाळून राख करतात. तेही धुराशिवाय होत नाही, आणि विजेचे बिल पुन्हा आपलेच. घाण नाहीशी होत नाही, दाराआड जाते.

आगीचे काय? स्वयंपाक हे अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे, आणि त्यातही चुलीवर काही ठेवून दुसरीकडे निघून जाणे हे मुख्य. तव्यावर लक्ष असते. ओव्हनचा मोह नेमका लक्ष काढून घेण्याचा आहे. बिनकाठाच्या सपाट पत्र्यावर बेकन मांडले तर चरबी ओघळून थेट कॉइलवर पडते. काठ असलेला ट्रेही बाहेर काढताना कडेपर्यंत उकळत्या चरबीने भरलेला असतो, तो दोन्ही हातांनी, तिरपा न होऊ देता उचलावा लागतो. आत पेट घेतलाच तर दार बंद ठेवून ओव्हन बंद करायचा. पाणी कधीही नाही. हे सगळे टाळता येण्याजोगे आहे, पण ‘ओव्हन सुरक्षित’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ते निदान सांगावे तरी.

प्रकृतीच्या मुद्द्यावर ओव्हनवाल्यांचा दावा आम्हाला सगळ्यांत कच्चा वाटतो. चरबी निथळते म्हणून ओव्हनचे बेकन हलके, असे ते म्हणतात. चरबी तव्यावरही सुटते. किती सुटते ते पट्टी किती शिजवली यावर ठरते, कशात शिजवली यावर फारसे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार ‘शिजवलेले बेकन’ म्हणून विकायचे तर त्याचे वजन कच्च्याच्या ४० टक्क्यांहून जास्त असता कामा नये. घरात कुरकुरीत केले की ते एक तृतीयांशाच्या आसपास येते. पाकिटभर बेकनचे म्हणजे दीडशे ग्रॅमच उरतात. या आटण्याला ओव्हन आणि तवा दोन्ही सारखेच.

उलट कुरकुरीतपणाचीच एक किंमत आहे. मुरवण्यात वापरलेले नायट्राइट आणि मांसातली अमिनो आम्ले जास्त उष्णतेत एकत्र आली की नायट्रोसामाइन या वर्गातली द्रव्ये तयार होतात, आणि त्यांतली काही कर्करोगाला कारणीभूत ठरतात. पाणी उडून गेल्यानंतर, पट्टी कडक होण्याच्या टप्प्यावर, हे प्रमाण वाढते. म्हणजे ज्या क्षणाची आपण वाट पाहतो तोच हा क्षण. १९७०च्या दशकात हे ध्यानात आल्यावर अमेरिकेने नियम कडक केले. पिचकारीने मुरवण द्रव टोचलेल्या बेकनमध्ये नायट्राइट दहा लाखांत १२० भाग, आणि सोबत नायट्रोसामाइन रोखणारे क जीवनसत्त्वाच्या कुळातले द्रव्य ५५० भाग. नायट्राइट न घातल्याचा दावा करणाऱ्या महागड्या पाकिटांत बहुधा सेलरीची पूड असते, आणि सेलरीतून येते ते शेवटी नायट्राइटच. कमी नायट्रोसामाइन हवे असतील तर मायक्रोवेव्ह बरा. गंमत पाहा, दोन्ही तटांनी ज्याला पंक्तीत घेतलेले नाही तोच या कसोटीवर पहिला येतो. मायक्रोवेव्हमधली पट्टी कुरकुरीत होतेही, पण तिला भाजल्याचा खमंगपणा नाही, म्हणून ती कुणाला प्रिय नाही. तवा की ओव्हन या प्रश्नात मात्र इतकेच म्हणता येईल की, ज्यात करपते ते वाईट.

ऑक्टोबर २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मुरवलेल्या, प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. याच गटात तंबाखूही आहे, पण दोन्ही सारखेच घातक असा त्याचा अर्थ नाही. पुरावा सारखाच पक्का आहे, एवढाच आहे. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते, असा संस्थेचा अंदाज. शिजून कडक झालेली साधी पट्टी आठेक ग्रॅमची भरते. म्हणजे सहा पट्ट्या झाल्या की ५० ग्रॅम.

आणि ओव्हनविरुद्धचा आमचा खरा आक्षेप इथे येतो. तव्याची अडचण हाच तव्याचा लगाम होता. दुसरा घाणा लावायचा कंटाळा यायचा, म्हणून पाचावर भागायचे. ट्रे रिकामा बघवत नाही. त्यावर सोळा पट्ट्या मावतात, आणि मावतात म्हणून मांडल्या जातात, केल्या म्हणून खाल्ल्या जातात. सोय वाढली की खप वाढतो हे बेकनच्या बाबतीत पूर्वीही घडले आहे. ऑस्कर मायर कंपनीने १९२४मध्ये आधीच कापलेले, पाकिटबंद बेकन बाजारात आणले आणि सुरीने पट्ट्या पाडण्याचे काम संपले. त्याच दशकात बीच-नट या कंपनीला बेकन जास्त खपवायचे होते. तिचा जाहिरात सल्लागार एडवर्ड बर्नेज हा सिग्मंड फ्रॉइडचा भाचा. त्याने बेकनची स्तुती केली नाही. एका डॉक्टरला गाठून, न्याहारी भरपेट असावी की हलकी, असा प्रश्न देशभरच्या हजारो डॉक्टरांना पत्राने विचारायला लावला. बहुतेकांनी भरपेट म्हटले. ती बातमी वर्तमानपत्रांत आली, आणि सोबत बेकन-अंड्यांचे नाव आले. डॉक्टरांच्या साक्षीने पानात आलेल्या पदार्थाबद्दल आता संशोधकच हात आखडता घ्या म्हणतात, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात तो ट्रेच्या मापाने होऊ लागला आहे.

ब्रिटनमध्ये हा वादच थोडा वेगळा आहे. तिथले रोजचे बेकन पोटाचे नसून पाठीकडचे असते, मांस जास्त आणि चरबी कडेला. विल्टशायर परगण्यातल्या काल्न गावात हॅरिस घराण्याचा बेकनचा धंदा अठराव्या शतकापासून दोनशे वर्षे चालला, आणि खाऱ्या पाण्यात मुरवण्याची विल्टशायर पद्धत त्याच भागाच्या नावाने ओळखली जाते. असले बेकन वीस मिनिटे ओव्हनमध्ये ठेवले तर त्याचे चामडे होते. ब्रिटिश माणूस ते वरून आच देणाऱ्या ग्रिलखाली करतो, आणि कडा भाजल्या, मधला भाग मऊ राहिला की खूश असतो. कुरकुरीत तुकडे पडणारे बेकन हा त्याचा आदर्शच नाही. ‘बेकन कशात करावे’ याला एकच उत्तर मागणाऱ्यांनी आधी ‘कुठले बेकन’ हे विचारावे.

उरली चरबी. ओव्हनच्या ट्रेतली चरबी तव्यापेक्षा स्वच्छ, फिकट, करपलेल्या कणांशिवाय मिळते. ती गाळून बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवली तर भाज्या परतायला बरेच दिवस पुरते. दुसऱ्या महायुद्धात हीच चरबी घराघरांतून गोळा केली जाई, कारण तिच्यातून निघणारे ग्लिसरीन स्फोटकांना लागत असे. १९४२मध्ये डिस्नेने त्यासाठी छोटा चित्रपट केला. त्यात मिनी माउस तव्यातली बेकनची चरबी प्लुटोच्या वाटीत ओतायला निघते आणि रेडिओ तिला थांबवतो. ब्रिटनमध्ये तर जानेवारी १९४०पासून बेकनच रेशनवर गेले, आणि तिथून सुटायला जुलै १९५४ उजाडला. आज त्याच चरबीची अडचण झाली आहे, आणि ट्रेभर बेकन म्हणजे ट्रेभर चरबी. ती गरम असताना सिंकमध्ये ओतून मोकळे होणाऱ्यांनी २०१७मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलखालच्या गटारात सापडलेला गोळा आठवावा. गोठलेली चरबी आणि ओले रुमाल यांचा अडीचशे मीटर लांब, १३० टनांचा. तो फोडायला कामगारांना कित्येक आठवडे लागले.

या सगळ्याचा तोल आम्ही असा लावतो. घरात चारापेक्षा जास्त माणसे असतील, बेकन पोटाचे असेल आणि सगळ्यांनी एकत्र बसायचे असेल तर ओव्हन, जाळीशिवाय, काठाच्या ट्रेमध्ये. एकट्या-दुकट्याला तवा, थंड सुरुवात आणि मंद आच. त्याच चरबीत अंडी किंवा ग्रेव्ही व्हायची असेल तर माणसे कितीही असोत, तवाच. आणि ओव्हन वापरायचा तर पट्ट्या माणसे मोजून मांडाव्यात, ट्रे बघून नव्हे. माणशी तीन. उरलेल्या जागेत बटाट्याच्या फोडी किंवा अर्धे चिरलेले टोमॅटो ठेवावेत. सुटलेली चरबी त्यांना मिळते आणि ट्रे मोकळा दिसत नाही.

न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या कितीतरी मराठी घरांत हा सल्ला अमलात आणण्याआधी ओव्हन रिकामा करावा लागेल, कारण त्यात कढया आणि पातेली ठेवलेली असतात. मुलांना शाळेतल्या मित्रांकडे बेकनची चव लागते, आईवडिलांना वास नको असतो, आणि मग तडजोड म्हणून दार लागणारा ओव्हन निवडला जातो. तिथे तो वासासाठी तव्यापेक्षा खरोखर बरा. पूर्ण जात नाही, पण पडद्यांत मुरत नाही.

मुंबई-पुण्यात, पणजीत ज्यांना कोल्ड स्टोरेजमधून गोठवलेले बेकन मिळते त्यांच्याकडे बहुधा मोठा ओव्हन नसतो, टेबलावरचा ओटीजी असतो. त्याला अमेरिकी पाककृती जशीच्या तशी लावू नये. आतली जागा लहान, तापणारा रॉड पदार्थापासून वीतभरही लांब नाही, त्यामुळे २०० अंशांवर वरची बाजू बघता बघता करपते. फक्त खालचा रॉड लावावा, ट्रे मधल्या किंवा खालच्या खाचेत ठेवावा, आच १८० अंश. बटर पेपर ट्रेच्या मापात कापावा, कड रॉडच्या दिशेने वर येऊ देऊ नये. खालचा चुऱ्याचा ट्रे आधी पुसून घ्यावा, कारण त्यावरचे जुने पावाचे कण चरबीच्या एका थेंबाने पेटतात. गोठलेल्या पट्ट्या ओढून वेगळ्या करायला जाऊ नये, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या की सकाळी सुट्या होतात. पहिल्या खेपेला चारच पट्ट्या लावून, दहाव्या मिनिटापासून काचेजवळ उभे राहून, आपला ओटीजी कुठल्या कोपऱ्यात जास्त तापतो ते पाहून घ्यावे.